तपकिरी नळीची अँटेना

माझं लग्न ठरलं त्या दिवशी माझे सासरे माझ्याबद्दल एकच वाक्य बोलले. करोल बागेतल्या त्यांच्या भाड्याच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. पोहे झाले, चहा झाला. शिक्षण विचारलं, मी दहावी म्हणालो. काम विचारलं, मी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो म्हणालो. अण्णांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि आपल्या थोरल्या भावाकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. हवा तरी खेळती राहील."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मुलगी मला पसंत होती. पण ते वाक्य मी चौदा वर्षं जपून ठेवलं. लोक लग्नातली शेरवानी जपतात तसं.

अण्णा सरकारी नोकरीत बिनतारी यंत्रणेवर इंजिनिअर होते. मी दिल्लीला आलो तो एका ट्रकमध्ये काचांच्या पेट्यांवर बसून, आणि त्या पेट्या उतरवता उतरवता धंदा शिकलो. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. समोरच्यानं किंमत सांगितली की माझ्या कानशिलाजवळची शीर आपोआप उडायला लागते. बायको म्हणते, तुम्ही देवळात नारळ घेतानाही भांडता. भांडतो. देवाला काय, सुकलेला नारळ चालेल?

मग देशाची दारं उघडली म्हणतात, तो काळ आला. दारांचं मला माहीत नाही, खिडक्या मात्र भरपूर उघडल्या. गाझियाबादच्या शेतांत चार-चार मजली फ्लॅट उभे राहिले आणि फ्लॅट हातात आल्याबरोबर प्रत्येकाला बाल्कनी बंद करून हवी होती. त्यातही प्रत्येकाला तपकिरीच हवी. एनोडाइज्ड ब्राउन. म्हणजे ॲल्युमिनियमचे पाइप रसायनाच्या हौदात बुडवून त्यांच्यावर कडक तपकिरी थर चढवायचा. डाग पडत नाही, खराब होत नाही, नखानं खरवडून निघत नाही. त्या तपकिरी थरावर मी स्वतःचा फ्लॅट घेतला, पहिल्या मजल्यावर, आणि माझ्या बाल्कनीला माझ्याच कारखान्यातली सगळ्यात सुंदर खिडकी बसवली.

सासूबाई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले आणि त्याच बाल्कनीत त्यांनी आपला रेडिओ मांडला. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. हौशी लोकांचा असतो तसा, सरकारी परवान्याचा. एका टेबलावर दोन सेट, एक काट्यांचं मीटर, एक माइक आणि एक जाड वही. त्या वहीत रोज कुणाशी बोलणं झालं, किती वाजता, कसं ऐकू आलं, हे सगळं टाकानं लिहिल्यासारख्या अक्षरात. पहिल्याच दिवशी मी सहज माइक उचलला तर अण्णा म्हणाले, "ठेवा तो. परवाना नसलेल्यानं माइकला हात लावायचा नाही."

माझी बाल्कनी. माझी खिडकी. माझं टेबल!

त्या रागात मी परवान्याची परीक्षा दिली. टक-टक, टकाटक ती सांकेतिक भाषा कारखान्यात पाइपवर पाना वाजवून शिकलो. पहिल्या वेळी नापास झालो, ते घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी पास झालो, ते सगळ्या कॉलनीला सांगितलं. अण्णांनी परवान्याचा कागद उलटसुलट बघितला, म्हणाले, "हं." आणि बाल्कनीतली दुसरी खुर्ची माझ्यासाठी मोकळी करून दिली. मी "हं" वर समाधानी नव्हतो. मला त्या माणसाच्या तोंडून एक नीट, पूर्ण, चांगलं वाक्य हवं होतं. खिडकीवाल्याबद्दल. मी एवढंच मागत होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा जिन्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

आता दिल्लीतल्या मराठी माणसांची एक गोष्ट सांगायला हवी. संक्रांतीला आम्ही पतंग उडवत नाही, पानिपतला जातो. काला अंब म्हणून जागा आहे, जिथे आपले लोक पडले. दिल्लीहून बस निघते, डब्यांत तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या असतात, तिथे भाषणं होतात. बरेच जण सहलीला आल्यासारखे वागतात, मीसुद्धा. अण्णा मात्र तसे नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी एक संक्रांत चुकवली नव्हती. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. स्मारकाच्या स्तंभाजवळ जायचे, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायचे, टोपी काढून एक मिनिट उभे राहायचे, मग कुणाशी न बोलता बसमध्ये येऊन बसायचे. तिळगूळसुद्धा दिल्लीला परत आल्यावर खायचे.

जानेवारी लागला तसं एका सकाळी ते माझ्या बायकोला म्हणाले, "टोपी-कोट जरा उन्हात टाक गं." तिनं टाकला. दुपारी म्हणाले, "आत घे. उगाच काढायला लावला." आणि रात्री जेवले नाहीत.

बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी गेलो तर म्हणाली, "काहीतरी करा की यार."

"काय करू? उचलून बसमध्ये घालू? डॉक्टर मला खाईल."

"मग तुम्ही जा, आणि तिथल्या एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन करा. मी अण्णांना खुर्चीतून नेते."

आमच्याकडे फोन नव्हता. अर्ज करून तीन वर्षं झाली होती. शेजाऱ्याचा अर्ज माझ्यानंतरचा आणि फोन माझ्या आधी लागला होता, तो वेगळा राग आहे. पण फोनचं नाव काढल्याबरोबर आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "फोनवर काय, कोणीही बोलतं!" आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा माझं आणि त्यांचं एकमत झालं.

मी आत गेलो. "अण्णा, इथून पानिपत रेडिओवर लागेल?"

"नव्वद-एक किलोमीटर आहे. सेटला लागलेल्या त्या वीतभर दांडीवर नाही लागणार."

"मग कशावर लागेल?"

अण्णा उठून बसले. वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. मधे एक लांब दांडा, त्यावर आडव्या सात नळ्या, माशाच्या काट्यासारख्या. मागची नळी थोडी लांब, पुढच्या थोड्या थोड्या आखूड होत जाणाऱ्या. अशी अँटेना चहूकडे ओरडत नाही, जिकडे तोंड तिकडेच बोलते. एक त्यांच्याकडे होती, ती आमच्या गच्चीवर पानिपतच्या दिशेनं बांधायची. दुसरी तिथे न्यायची, ती करावी लागणार होती. बाहेर सेट नेण्याची परवानगी ते स्वतः टाइप करून मागवणार होते.

"मापं मिलिमीटरमध्ये आहेत," अण्णा म्हणाले. "जमेल?"

जमेल! खिडकीवाल्याला विचारतात जमेल! मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अँटेना त्यांच्या पलंगावर ठेवली. अर्ध्या मिलिमीटरची चूक काढा म्हणालो. त्यांनी खरंच फूटपट्टी मागवली, सातही नळ्या मोजल्या, आणि चूक निघाली नाही. अर्थात मी कारखान्यातली साधी पांढरी नळी वापरली नव्हती. सासरा असो की रेडिओ, माझ्या हातचा माल पहिल्या प्रतीचा असतो. सगळी अँटेना एनोडाइज्ड ब्राउन. दांडासुद्धा, चिमटासुद्धा. चमकत होती.

अण्णांनी नळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "छान दिसते."

छान दिसते! मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

राहिली होती ती जुळवणी. मॅचिंग म्हणतात. अण्णांनी मला ते अर्धा तास समजावलं आणि मी दोन मिनिटांत समजलो, कारण तो माझा धंदा आहे. सेटमधून शक्ती केबलनं अँटेनाकडे जाते. केबलचा एक आकडा असतो, पन्नास. अँटेनाचा आपला आकडा असतो, वीस-पंचवीस. केबल म्हणते पन्नास, अँटेना म्हणते वीस, आणि सौदा पटला नाही की पाठवलेली शक्ती केबलमधून परत येते. माल दुकानातून परत येतो तशी. मग दोघांच्या मधे दलाल घालायचा. केबल जिला जोडतात त्या बोलणाऱ्या नळीला समांतर एक बारीक सळई लावायची आणि दोघींना जोडणारा एक सरकता चिमटा. चिमटा पुढेमागे सरकवत जायचा. एका जागी दोघांना भाव पटतो आणि परत येणारं जवळजवळ बंद होतं. मीटरला दोन काटे असतात, एक जाणाऱ्याचा, एक परत येणाऱ्याचा. परतीचा काटा खाली झोपला की समजायचं सौदा झाला.

"पन्नास रुपये नाहीत ते," अण्णा म्हणाले. "ओहम आहेत."

"आकडा तो आकडाच, अण्णा."

गच्चीत अँटेना स्टुलाला बांधली, मीटर लावलं, खाली अण्णा, मधे जिन्यात बायको निरोप्यासारखी. मी माइक दाबला. परतीचा काटा उडी मारून पार टोकाला गेला. चिमटा सरकवला. काटा टोकाला. उलटा सरकवला. टोकाला.

"अण्णा विचारतायत, काटा कुठेय?" जिन्यातून बायको.

"आहे तिथेच आहे!"

"अण्णा म्हणतायत, चिमटा सरकवा."

"मग मी काय करतोय इथे, पापड लाटतोय?"

"ते मी सांगू का त्यांना?"

समोरच्या गच्चीवरचा शेजारी, तोच फोनवाला, कपडे वाळत घालता घालता थांबला. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात केबलचे चॅनल होते. "भाईसाहब, इसमें कितने चैनल आते हैं?"

"एक," मी म्हणालो. "और उसमें मेरे ससुर बोलते हैं."

त्यानं बादली उचलली आणि आत गेला.

मी तासभर चिमटा सरकवला. माझ्या मते अँटेनात खोट असणं शक्यच नव्हतं. म्हणजे केबल. केबल आणली होती जुन्या दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, एका म्हाताऱ्या पंजाबी दुकानदाराकडून, आणि भाव करून करून त्याला इतकं खाली आणलं होतं की त्यानं हमखास भंगार दिलं असणार. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याच्या काउंटरवर वेटोळं आपटलं. त्यानं बदलून दिलं. संध्याकाळी काटा टोकाला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं बोललो. त्यानं बदलून दिलं. काटा टोकाला.

संक्रांतीला चार दिवस राहिले होते. चौथ्या खेपेला मी केबलबरोबर बोलणारी नळीसुद्धा कापडात गुंडाळून नेली, त्याच्या डोळ्यांत घालायला.

"ये देखो," मी म्हणालो. "ये होता है माल. पहिल्या दर्जे का. और ये है तुम्हारी केबल."

म्हाताऱ्यानं शांतपणे मल्टिमीटर काढलं. आधी केबल तपासली, एका टोकाला एक सुई, दुसऱ्या टोकाला दुसरी. मीटर पीं वाजलं. "केबल बोल रही है." मग त्यानं दोन्ही सुया माझ्या तपकिरी नळीवर टेकवल्या, बोटभर अंतरावर. मीटर गप्प. सुया सरकवल्या. गप्प.

"भाईसाहब," तो म्हणाला, "ये तो लकड़ी है."

"ॲल्युमिनियम है!"

त्यानं गल्ल्याची किल्ली घेतली आणि माझ्या नळीवर दोन ठिकाणी खरवडलं. अशी नळी मी कामगाराला ग्लव्हजशिवाय धरू देत नाही. खरवडलेल्या दोन चंदेरी ओरखड्यांवर त्यानं सुया ठेवल्या. पीं.

"ये जो रंग है ना आपका, इसमें से करंट नहीं जाता. आपका क्लिप हवा में लटक रहा है."

चार गिऱ्हाइकं, दोन नोकर आणि एक चहावाला माझ्याकडे बघत होते. मी इतकी वर्षं तो थर विकत होतो. त्यातून पाणी जात नाही, ऊन जात नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. वीजही जात नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. दलालाला मी मधे उभं केलं होतं आणि त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

मला माफी मागता येत नाही. प्रयत्न केला तर आवाज भांडणाचाच येतो. म्हणून मी म्हणालो, "दो कनेक्टर देना," आणि त्यानं सांगितला तो भाव दिला. पहिलाच.

म्हाताऱ्यानं पैसे हातात धरून माझ्याकडे बघितलं. "तबीयत ठीक है ना?"

घरी येऊन मी कुणाला काही न सांगता न्हाणीघरात पाट टाकून बसलो आणि कानशीनं सगळे जोड घासायला लागलो. सात नळ्या, दांडा, चिमटा. तपकिरी भुकटी फरशीवर पडत होती. थोड्या वेळानं वॉकरचा टक-टक आवाज आला. अण्णा दारात. त्यांनी फरशी बघितली, कानस बघितली.

"समजलं वाटतं," ते म्हणाले.

मी वर बघितलं. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बोट फिरवलं तेव्हाच."

"आणि तुम्ही छान दिसते म्हणालात!"

"दिसत होतीच छान."

"अण्णा, मी चार वेळा बाजारात गेलो! त्या म्हाताऱ्याला चार वेळा शिव्या घातल्या!"

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"बिल्कुल नसतं ऐकलं," बायको मागून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग माझा तोल गेला. कानस बादलीत फेकली. मी म्हणालो, चौदा वर्षं तुम्ही मला खिडकीवाला म्हणून मोजता. मी म्हणालो, बघण्याच्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत काय बोलला होता ते मी विसरलेलो नाही. "हवा तरी खेळती राहील! हे शब्द होते तुमचे!"

अण्णांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं अण्णांकडे.

"मी म्हणालो असं?" अण्णा म्हणाले. "कधी?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी चौदा वर्षं ज्या वाक्याशी झोपेत भांडत होतो, ते त्यांच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहिलं नव्हतं. वर ते थोडा विचार करून म्हणाले, "पण त्यात वाईट काय आहे? खेळती हवा चांगलीच."

मी कानस बादलीतून काढली आणि पुन्हा घासायला बसलो. दुसरं काय करणार?

संध्याकाळी गच्चीवर चिमटा सरकवला आणि काटा हलला. एक बोट पुढे, अजून खाली. अर्धं बोट मागे, पुन्हा वर. कधी इकडून कधी तिकडून, दोन्ही बाजूंना जरा जरा दाबत, असं करत करत एका जागी परतीचा काटा जाऊन झोपला. पूर्ण. मी इतक्या हळू आवाजात "झालं" म्हणालो की बायकोला जिन्यातून वर येऊन विचारावं लागलं, काय झालं म्हणून.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला एकच सूचना केली, तीनदा. "धुकं असेल. धुक्याला शिव्या देऊ नका. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार, अशा सकाळी लहर त्या थरात अडकून लांब जाते. एरवी नव्वद किलोमीटर शक्य नाही. ऊन आलं की खेळ संपला. दहाच्या आत बोलायचं. मी आठपासून दर पाच मिनिटांनी हाक मारीन."

बस पहाटे पाचला निघाली. धुकं असं की ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवली. टपावर माझी अँटेना, खिडकीच्या पाइपांचे तीन तुकडे जोडून केलेला खांब, आणि पायाशी सेट आणि ट्रकची बॅटरी. लोक विचारत होते हे काय, मी सांगत होतो. सव्वानवाला आम्ही काला अंबला पोचलो. स्तंभाचा खालचा भाग दिसत होता, वरचा धुक्यात. माझ्या हातात पाऊण तास होता.

खांब उभा धरायला आधार लागत होता. समारंभासाठी शामियाना उभारत होते आणि त्याचा मधला लोखंडी खांब बरोबर हवा तिथे होता. मी दोरी घेऊन गेलो. मंडपवाला खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होता.

"बाँध लो," तो म्हणाला. "चालीस रुपये."

माझ्या कानशिलाजवळची शीर उडाली.

"किस बात के चालीस? खंभा तो पहले से खड़ा है."

"तो आप अपना खड़ा कर लो."

"घिस जाएगा क्या तुम्हारा खंभा?"

"नहीं घिसेगा. चालीस."

मला माहीत होतं की वेळ नाही. हे मी स्वतःला पटवून देत होतो आणि तोंड मात्र आपलं काम करत होतं. मी पाच म्हणालो. तो हसला. मी निघून चाललो असं दाखवलं, त्यानं थांबवलं नाही, मग मला परत यावं लागलं, आणि परत आलेल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी त्याच्या कनातीतली भोकं दाखवली. त्यानं माझ्या अँटेनाला कपडे वाळत घालायची दोरी म्हटलं. मी बारा लोकांसमोर ॲल्युमिनियमचा भाव सांगितला. तो पंधरावर आला. मी दहावर अडलो. शेवटी तो शेंगदाण्याची सालं झटकत उठला आणि म्हणाला, "दस दे दो, और चुप हो जाओ."

मी जिंकलो होतो. दहाची नोट देताना मला त्याच्या अंगावर माझी सावली दिसली. स्वच्छ, काठ असलेली. मान वर केली तर स्तंभ टोकापर्यंत दिसत होता आणि त्याच्या मागे ऊन.

मी अँटेना कशी चढवली ते आठवत नाही. तोंड दिल्लीकडे केलं, सेट लावला. खरखर. माझी परवान्यावरची खूण सांगितली, त्यांची सांगितली. खरखर. पुन्हा. अँटेना बोटभर डावीकडे फिरवली, आणि त्या खरखरीच्या तळातून, जणू कुणी विहिरीतून बोलतंय, अण्णांचा आवाज आला. आमच्या दोघांच्या खुणा अगदी नियमाप्रमाणे म्हणून झाल्यावर ते म्हणाले, "पाच-सात. ऐकू येताय. पाच-सात."

रेडिओवाल्यांत हे गुण देण्याची पद्धत असते. पाचपैकी किती समजतंय, नऊपैकी किती जोरात येतंय. पाच पूर्ण होते. सात नव्हते.

"अण्णा, सात? नीट बघा. आठ तरी असतील."

"काटा सातवर आहे."

"हलत असेल. साडेसात?"

"इथे आपण भाजी घेत नाही आहोत," अण्णांचा आवाज. "वेळ घालवू नका, सिग्नल पडतोय. माती लावलीत?"

"नाही अजून."

"लावा. मग माइकचं बटन दाबून एक मिनिट धरा. बोलू नका. मला नुसतं ऐकू द्या."

मी वाकलो, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि माइक हातभर लांब, स्तंभाकडे धरून उभा राहिलो. एक मिनिट खूप मोठं असतं. त्या मिनिटात कुणाच्या तरी बाळाचं रडणं गेलं, गुळाच्या पोळीला तूप कमी पडल्याची तक्रार गेली, भाषणाच्या माइकवरचं हॅलो-हॅलो-चेक गेलं, मंडपवाला कुणालातरी चाळीस रुपये म्हणाला तेही गेलं. कुठूनतरी चार-पाच जणांनी जयजयकार केला, बेसूर, तो गेला. मी हललो नाही.

मिनिट झालं. बटन सोडलं.

खरखर. फक्त खरखर. मी हाका मारल्या, अँटेना फिरवली, खांब उचलून टाचा उंचावून उभा राहिलो. ऊन लख्ख पडलं होतं. लोक स्वेटर काढत होते.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दार बायकोनं उघडलं. अण्णा झोपले होते. टोपी-कोट खुर्चीवर होता. सकाळी सातपासून घालून बसले होते, ती म्हणाली. आठपासून दर पाच मिनिटांनी हाक मारत होते, चहा घेतला नाही. तुमचा आवाज आला तेव्हा मी धावत आले.

"मग? ऐकू आलं सगळं?"

"सगळं. तुपाचंसुद्धा. अण्णा टोपी काढून बसले होते. आणि मग किती वेळ बोलले तुमच्याशी."

"माझ्याशी? कधी?"

"ते मिनिट संपल्यावर. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते बघायला गेले. अण्णा बोलत होते, चांगली दोन-तीन वाक्यं. तुमच्याबद्दलच होतं वाटतं. तुमच्या अँटेनाबद्दल. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

सकाळी मी अण्णांना विचारलं. सरळ विचारलं. अण्णा म्हणाले, "ते तेव्हा म्हटलं. रेडिओवरचं बोलणं रेडिओवर."

"थोडक्यात सांगा."

"नाही."

"अर्धं सांगा. पहिलं वाक्य."

"अहो, मी दहाच्या आत म्हणालो होतो." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "धुकं साडेनऊपर्यंत उत्तम होतं. आठ-नऊ मिळाले असते. कुठे होतात?"

बायको पोळ्या लाटता लाटता थांबली. मी खिडकीकडे बघितलं. चांगली खिडकी आहे, अजूनही आवाज न करता सरकते.

"बस उशिरा पोचली," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली आणि वही ओढून घेतली.

ती वही आता माझ्याकडे आहे. मी त्यांच्याशी भाव करणं शेवटपर्यंत सोडलं नाही, पण ती दोन-तीन वाक्यं त्यांनी पुन्हा कधी उच्चारली नाहीत. वहीत त्या दिवशीची एकच ओळ आहे, त्यांच्या अक्षरात: काला अंब, जावई, पाच-सात. शेऱ्याच्या रकान्यात: मॅचिंग उत्तम. बस उशिरा. इतक्या वर्षांच्या त्या वहीत "उत्तम" हा शब्द दुसरीकडे कुठे नाही, मी सगळी पानं चाळली आहेत. सात मला आजही मान्य नाही. उत्तम मान्य आहे.

बस सव्वानवाला पोचली होती.